लोडर खाली बसतोय: सील बदलायचे, व्हॉल्व की पंप?

मागच्या उन्हाळ्यात मी जुन्या ट्रॅक्टरला सेकंडहँड लोडर, म्हणजे पुढे बसणारा बकेटचा उचलता सांगाडा, लावला. शेणखत भरायचं, मुरूम उचलायचा, एवढंच काम. पंधरा दिवसांत नवीनच प्रकार सुरू झाला. भरलेली बकेट हातभर उचलून चहाला जायचं आणि परत येईस्तोवर ती जमिनीला टेकलेली. (बकेट हवेत ठेवून जाऊच नये, हे मान्य.) मिस्त्री आला, दोनदा लिव्हर हलवून म्हणाला, "भाऊ, पंप गेला तुमचा." नवा पंप बसवला. दुसऱ्या दिवशी चहा पिऊन आलो, बकेट जमिनीवर. "आता काहून बसतो मग?" याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. जुना पंप नंतर खोलून पाहिला, तर गिअरवर ओरखडासुद्धा नाही.

लिव्हर मधोमध असताना लोडर बसत असेल तर त्यात पंपाचा हात नसतो. तेव्हा पंपाचं तेल व्हॉल्वमधून नुसतं टाकीत फिरत असतं. जॅकमधलं (उचलायच्या तेलाच्या नळकांड्यातलं) तेल अडवून धरणारे दोघेच, जॅकच्या पिस्टनचं सील आणि व्हॉल्वमधला स्पूल, म्हणजे लिव्हरने आत सरकणारा दांडा. उलट लोडर वर जायलाच कुरकुरत असेल, तर पंप आणि रिलीफ व्हॉल्व (दाब जास्त झाला की तेल टाकीत सोडणारा) आधी बघायचे. एवढं वेगळं केलं की अर्धा खर्च वाचतो.

आता सील की स्पूल? इथे बहुतेकजण सील किटकडे धावतात, कारण किट स्वस्त असतं. पण उचलायच्या जॅकमध्ये एक गंमत आहे. भार रॉडला, म्हणजे जॅकच्या दांड्याला, आत ढकलतो. पिस्टनचं सील गळलं तर तळाकडचं तेल रॉडच्या बाजूला जाणार, पण तिथली काही जागा रॉडनेच अडवलेली. सगळं तेल तिथे मावत नाही. दोन्ही पाइप व्हॉल्वने पक्के बंद असतील, तर नुसत्या पिस्टन सीलमुळे बूम, म्हणजे बकेट उचलणारे हात, फार खाली येऊच शकत नाही. ती सरसर येत असेल तर तेलाला व्हॉल्वमधून वाट मिळते आहे. बकेटच्या जॅकचं उलटं असतं. बहुतेक लोडरमध्ये बकेट पालथी होताना रॉड बाहेर येतो, भार त्याला ओढतो आणि गळकं सील तेल जाऊ देतं. म्हणून बूम जागेवर आणि बकेटच हळूहळू तोंड खाली घालते, असं दिसलं तर माझा पहिला संशय सीलवर.

खात्री करायला एक चाचणी आहे. भरलेली बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडा. मग उचलायच्या दोन्ही जॅकचे रॉडकडचे पाइप सोडवा आणि पाइपांची तोंडं बुचाने बंद करा. इंजिन चालू करून बकेट फक्त फूटभर उचला. जॅकच्या उघड्या पोर्टमधून (पाइप सोडवलेल्या भोकातून) सुरुवातीला तेल येणारच, ते सोडून द्या. लिव्हर मधोमध, इंजिन बंद. रॉडवर खडूची खूण करून दहा मिनिटं थांबा. बूम बसतेय आणि पोर्टमधून तेल पाझरतंच आहे, तर सील. बूम बसतेय आणि पोर्ट कोरडा, तर व्हॉल्व. माझा कोरडा निघाला. हे करताना बूमखाली कुणी जायचं नाही, आणि गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा फिरवायचा. दाबाचं तेल कातडीतून आत गेलं तर सरळ ऑपरेशनची वेळ येते.

सीलच निघालं, तरी किट आणून लगेच बसवू नका. आधी रॉडवरून नख फिरवा. पावसाळ्यात रॉड बाहेर काढून उभा राहिलेला लोडर असेल तर क्रोममध्ये गंजाचे खड्डे पडलेले असतात. नख अडकलं की समजा, रॉडचं नवं सील महिन्याभरात चिरणार. मग रॉडला नवं क्रोम आणि आतून ओरखडे असतील तर जॅकला होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं), आणि हे काम किटपेक्षा खूप महाग पडतं. रॉड गुळगुळीत असेल तर मात्र सीलइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

स्पूलचं तसं नाही. तो बॉडीत घासून बसवलेला असतो, दोघांमध्ये झिजेची फट पडली तर ओरिंग बदलून काही होत नाही. व्हॉल्व ब्लॉकच नवा घ्यायचा. मात्र रात्रभरात थोडं बसणं नव्या स्पूललाही माफ असतं.

पंपाचा निर्णय प्रेशर गेजशिवाय घेऊ नका, मी घेतला आणि पस्तावलो. दाबाच्या पाइपात टी-जॉइंट टाकून गेज लावा, बकेटचा जॅक शेवटपर्यंत नेऊन लिव्हर धरून ठेवा. थंड तेलात काटा ठीक आणि अर्ध्या तासाने तेल तापल्यावर पडतो, सोबत सगळीच कामं मंदावतात, तर पंप झिजलाय. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा तेल पातळ होऊन ही झीज लगेच उघडी पडते. काटा थंड-गरम दोन्हीत सारखाच कमी असेल, तर रिलीफची स्प्रिंग किंवा रिलीफच्या आतल्या सीटवरचा कचरा बघा. गेज न लावता रिलीफचा स्क्रू पिळणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवा. पंप कण्हतोय आणि टाकीत फेस येतोय, तर सक्शनला, म्हणजे पंपाच्या तेल ओढायच्या बाजूला, हवा लागतेय. नुसता कण्हतोय, फेस नाही, तर गाळणी तुंबली असेल किंवा सक्शन पाइप तापून चपटा होत असेल. दोन्हीत पंप बिचारा निर्दोष.

आणखी एक पर्याय लोक सुचवतात, लोडरला वेगळा पंप आणि वेगळी टाकी. हे मला पटतं, पण कारण गळती नव्हे, वेग. ६३ मि.मी. बोअर (आतला व्यास) आणि ६०० मि.मी. स्ट्रोकच्या (रॉडच्या धावेच्या) दोन जॅकना मिळून पावणेचार लिटर तेल लागतं. मिनिटाला १५ लिटर देणाऱ्या पंपाला बूम वर न्यायला १५ सेकंद लागतील, ३० लिटरच्याला साडेसात. जुन्या फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरांत तर पंप मागच्या हाउसिंगमध्ये, गिअरच्याच तेलात बुडालेला असतो. त्याला हात लावायचा म्हणजे लिफ्टचं झाकण उचलायचं, आणि लोडरच्या पाइपातली घाण सरळ गिअरमध्ये. वेगळ्या टाकीत ६८ नंबरचं (हा तेलाच्या घट्टपणाचा नंबर) हायड्रॉलिक तेल घालायचं. ते गिअरबॉक्सशी सामायिक टाकीत ओतू नका, तिथे ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलेलंच.

दिवसाला चार-पाच बकेटा भरणाऱ्याला मात्र हा खर्च कशाला? व्हॉल्व बदलल्यावर माझा लोडर ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकवर चालतोय. खडूची खूण दहा मिनिटांत नखभर सरकते, तेवढी मी चालवून घेतो.