जुना परमिट रूम बरा की साखळीवाल्यांचा नवा पब?

सोलापुरातल्या सात रस्त्याजवळचा आमचा परमिट रूम एका साखळीनं घेतला, पाटी बदलली. परवा मुद्दाम जाऊन आलो.

नव्यात स्वच्छतागृह खरंच स्वच्छ आहे आणि कोपऱ्यात चार मैत्रिणी निवांत बसल्या होत्या. जुन्या जागेत हे कधी दिसलं नाही. बायकोला घेऊन जायचं तर नवंच बरं. वयही विचारतात: बिअरला २१, कडक दारूला २५ पूर्ण हवीत.

पण चाखणा! पूर्वी टेकताक्षणी स्टीलच्या वाटीत शेंगाचटणी यायची, वर तेलाची धार, सोबत कडक भाकरीचे तुकडे नि कांदा. वाटी रिकामी झाली की वाढणारे मामा न विचारता दुसरी ठेवायचे. आता नाचोज, तेही वेगळे पैसे मोजून. बिअरची ६५० मिलीची एक बाटली दोघांत पुरायची. आता ज्याचा त्याचा ३३० मिलीचा पाइंट. आणि गाणी एवढी मोठ्यानं, की गप्पा मारायच्याच राहिल्या.

बिलात सेवाशुल्क होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांनुसार ते ऐच्छिक आहे, सांगितल्यावर काढलं.

मामा मात्र कुठं दिसले नाहीत. त्यांना ठेवून घ्यायला हवं होतं.