बांगड्याचं तिखलं आणि ७५ टक्के मतं : मालवण-आचरा रस्त्यावरची एक खानावळ

आधी जेवणाचं सांगून टाकतो, कारण बरेच जण त्यासाठीच वाचत असणार. मालवणातून आचऱ्याकडे निघालात की रस्त्याला लागूनच एक जांभ्याच्या चिऱ्याची बैठी खानावळ लागते, पाटी नाही, दारात निळं पिंप आणि चपलांचा ढीग एवढीच खूण. मागवायचं ते बांगड्याचं तिखलं. तिरफळं मोजून टाकलेली, सोलं बरोबर, रस्सा ताटात पसरत नाही आणि बांगडा सकाळचाच असतो. तांदळाची भाकरी तव्यावरनं थेट ताटात. सुरमई फ्राय चांगली आहे पण रवा थोडा जाड लागतो, तिसऱ्या मिळाल्या तर सोडू नका, सोलकढी पातळ आहे आणि हे मी तिथे तोंडावर पण सांगितलंय. वडे-कोंबडी हवी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुकटीवर आणि घावण्यांवर भागवावं लागतं. दर मालवण शहरापेक्षा कमी आहेत.

आता भिंत. मी हा रिव्ह्यू खरं तर भिंतीसाठी लिहितोय.

खानावळीचे मालक, सगळे त्यांना काका म्हणतात, ते आयुष्यभर मालवाहू बोटीवर कूक होते. नव्वदच्या दशकात त्यांची बोट अमेरिकेत बाल्टिमोरला लागायची आणि तिथलं बेसबॉलचं स्टेडियम, कॅमडन यार्ड्स, बंदरापासनं चालत जाण्याएवढं जवळ. तिथे त्यांना कॅल रिपकेनचं वेड लागलं. बेसबॉल माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, या माणसाने सलग २६३२ मॅच खेळल्या, एकही न चुकवता, १९९५ मध्ये त्याने लू गेरिगचा २१३० चा जुना रेकॉर्ड मोडला. रिपकेनचा फोटो गल्ल्याच्या वर आहे. डाव्या हाताच्या अख्ख्या भिंतीवर मात्र आपले लोक आहेत, मालवण, देवगड, कणकवली, वेंगुर्ला पट्ट्यातले टेनिस बॉल क्रिकेटवाले, आणि ते तिथे असेच लागलेले नाहीत, ते निवडून आलेत.

पद्धत काकांनी सरळ अमेरिकेतल्या कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमवरनं उचलली, म्हणजे मोठ्या खेळाडूंना मानाने जागा देणारं तिकडचं संग्रहालय. तिकडे खेळाडूने किमान १० सीझन खेळलेले असावे लागतात, रिटायर होऊन ५ वर्षं झालेली असावी लागतात, मग बेसबॉल रायटर्स असोसिएशनचे १० वर्षं सलग मेंबर असलेले पत्रकार मत देतात. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त १० नावं. ७५ टक्के मिळाली की आत. ५ टक्क्यांच्या खाली गेला की यादीतनं कायमचा बाहेर, आणि नाहीतर १० वर्षंच नाव राहतं (२०१४ पर्यंत १५ वर्षं राहायचं). खानावळीत मतदार बारा, त्यात जुने अंपायर, स्कोअरर, दोन शिक्षक, एक रिक्षावाले, आणि नऊ मतं लागतात. जानेवारीत तिकडचा निकाल लागला की पुढच्या रविवारी इकडे मोजणी.

पण काकांनी एक नियम स्वतःचा घातलाय आणि माझ्या मते सगळी खानावळ त्या एका नियमावर उभी आहे. मत द्या नाहीतर देऊ नका, पण का ते लिहायचं आणि खाली सही करायची. हे आलं रिपकेनवरनं. २००७ मध्ये रिपकेन हॉलमध्ये गेला तेव्हा त्याला ५४५ पैकी ५३७ मतं पडली, ९८.५ टक्के. बाकी सगळे खूश, काका मात्र त्या आठ जणांवर अडून बसले. "मत नाय दिलास तर नाय दिलास, पण कारण लिव मरे," हे वाक्य तुम्हाला त्यांच्याकडे जेवताना एकदा तरी ऐकायला मिळणार. आणि ते बरोबर आहेत. २०२० ला डेरेक जीटरला ३९७ पैकी ३९६ पडली, २०२५ ला इचिरोला ३९४ पैकी ३९३, ज्याचे तिकडे ३०८९ हिट्स आहेत आणि त्याआधी जपानमधलं अख्खं करिअर वेगळंच, आणि ते एकेक मत कोणाचं आणि का गेलं हे त्या मतदारांनी स्वतःहून सांगितलं नाही. आजपर्यंत शंभर टक्के फक्त मारियानो रिवेराला मिळाली, २०१९ ला, ४२५ पैकी ४२५. बेब रूथला पण १९३६ च्या पहिल्या निवडणुकीत २२६ पैकी २१५ च होती. बरेच पत्रकार आपली मतपत्रिका स्वतःहून जाहीर करतात, २०१६ मध्ये तर असोसिएशननेच ठराव केला होता की सगळ्यांची जाहीर करा, पण हॉलच्या बोर्डाने तो मान्य केला नाही.

इकडे प्रत्येक फोटोखाली प्लॅस्टिकच्या कव्हरात बाराच्या बारा चिठ्ठ्या असतात, बिलबुकाच्या पानाच्या पाठीवर लिहिलेल्या, आणि कुणीही काढून वाचू शकतो. मी जेवण यायच्या आधी त्याच वाचत बसतो. पॉइंटला उभा राहणारा एक फिल्डर आहे भिंतीवर, त्याच्याखालची एक चिठ्ठी मला पाठ झालीय, निळ्या पेनाने, अक्षर वाकडं: "हा पॉइंटला असताना नॉन स्ट्रायकर क्रीझमधनं पाय काढत नसे. मी अंपायर होतो, जवळनं बघितलंय. मत." आणि त्याच कव्हरात दुसरी: "बॅटिंगमध्ये काय केलं? फिल्डिंगवर भिंतीवर घ्यायचं तर उद्या रांग लागेल. नाही." दोन्ही वाचल्यावर तुम्हाला तो खेळाडू दिसायला लागतो आणि मत देणाराही दिसतो. हाच वाद तिकडे स्कॉट रोलेनवर झाला, थर्ड बेसचा फिल्डर, ८ गोल्ड ग्लव्ह (फिल्डिंगचं बक्षीस), पहिल्या वर्षी २०१८ ला फक्त १०.२ टक्के आणि २०२३ ला ७६.३ टक्क्यांनी आत. रोलेनने मधल्या वर्षांत एक बॉलही अडवला नव्हता, तो कधीच रिटायर झालेला, बदलले ते मतदार, म्हणजे अडवलेली रन ही पण रनच असते हे हळूहळू लोकांना मोजता यायला लागलं.

मोजायचं कसं यावर खानावळीत जेवढी चर्चा होते तेवढी मी दुसरीकडे ऐकलेली नाही. तिकडे आता वॉर (WAR) नावाचा आकडा वापरतात, म्हणजे सहज मिळणारा एखादा साधा खेळाडू त्या जागी असता तर त्याच्यापेक्षा याने टीमला किती मॅच जास्त जिंकून दिल्या. जे जॅफे नावाच्या लेखकाने त्यावरनं जॉज (JAWS) काढला, अख्ख्या करिअरचं वॉर आणि सगळ्यात भारी सात वर्षांचं वॉर यांची सरासरी, म्हणजे नुसता वर्षानुवर्षं टिकून राहिलेला आणि थोडीच वर्षं तळपलेला, दोघांना एका मापात बघता येतं. नाहीतर सँडी कोफॅक्स या पिचरचं, म्हणजे बॉलरचं, काय करणार? १२ सीझन, विजय फक्त १६५, कोपराच्या दुखण्यामुळे तिशीतच रिटायर, पण शेवटची पाच वर्षं, १९६२ ते १९६६, लीगमधला सगळ्यात कमी ई.आर.ए., म्हणजे दर नऊ इनिंगमागे स्वतःच्या बॉलिंगवर गेलेल्या रन, सलग त्याचाच. १९७२ ला ३६ व्या वर्षी हॉलमध्ये, निवडून आलेल्यांत सगळ्यात लहान तोच. आपल्याकडे असे कोफॅक्स गावोगावी आहेत हो, चार-पाच मोसम कुणाला बॉल दिसू दिला नाही आणि मग मुंबईला नोकरी लागली, संपलं, मे महिन्यात चाकरमानी म्हणून येतात आणि बाउंड्रीवर बसून बघतात. अशा एका बॉलरला दुसऱ्या वर्षी नऊ मतं पडली तेव्हा मला फार बरं वाटलं.

मग ग्राउंडचा प्रश्न. एका डावखुऱ्या ओपनरचे सिक्सचे आकडे बघून डोळे फिरतात, पण त्याचं घरचं ग्राउंड असं की ऑनला बाउंड्री जवळ आणि दुपारनंतर वारा पण त्याच बाजूला. काका म्हणतात, "रन केल्यान ते बघ, पण खयच्या ग्राउंडार केल्यान ता पण बघ." तिकडे हेच लॅरी वॉकरचं. तो डेन्व्हरला खेळायचा, समुद्रसपाटीपासून साधारण १६०० मीटर उंच, हवा विरळ, बॉल लांब जातो, म्हणून लोक त्याचे आकडे खरे मानायलाच तयार नव्हते, २०१४ मध्ये १०.२ टक्क्यांपर्यंत घसरला. पण १९९७ ला त्याने ४९ होमरन (आपल्या सिक्ससारखे) मारले त्यातले २९ बाहेरच्या ग्राउंडवर होते! म्हणजे ज्याने उघडून बघितलं त्याला दिसत होतं. शेवटच्या, दहाव्या वर्षी ७६.६ टक्के मिळून आत गेला. आपल्या ओपनरच्या बाबतीत पण एका शिक्षकाने असंच केलं, बाहेरगावच्या टुर्नामेंटच्या वह्या मागवून घेतल्या आणि फक्त त्यातल्या रन मोजून चिठ्ठीवर लिहिल्या. चिठ्ठी "नाही" ची आहे. पण आकडे समोर आहेत, तुम्हाला पटलं नाही तर तुम्ही पुन्हा मोजा.

ज्यांच्या वह्याच नाहीत त्यांचं अवघड. जुन्या लोकांच्या स्कोअरवह्या पावसाळ्यात भिजून गेल्या, वाळवीने खाल्ल्या. जॉश गिब्सन मुख्यतः निग्रो लीगमध्ये, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमध्ये खेळला, कारण काळ्या खेळाडूंना मेजर लीगमध्ये, तिकडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, घेतच नव्हते, जानेवारी १९४७ मध्ये गेला, आणि त्याच एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मेजर लीगमध्ये उतरला. गिब्सनला हॉलमध्ये १९७२ ला घेतलं ते खास कमिटीने, आणि त्याचे आकडे मेजर लीगच्या रेकॉर्डमध्ये धरले २०२४ मध्ये, तेव्हा ०.३७२ बॅटिंग ॲव्हरेजने तो तोवर पहिल्या नंबरवर असलेल्या टाय कॉबच्या पण वर गेला. म्हणजे आकडा मिळायला इतकी वर्षं लागली, पण बघणाऱ्यांना आधीच माहीत होतं. काकांनी पण जुन्यांसाठी वेगळी सोय ठेवलीय, वही नसेल तर विरुद्ध टीममधनं खेळलेल्या तिघांनी येऊन सांगायचं. स्वतःच्या वाडीतला माणूस चालत नाही. हे मला अतिशय आवडलं.

जिथे माझं पटत नाही ते पण लिहितो. हॉलच्या नियमात रेकॉर्ड आणि खेळाबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य असे शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा. बॅरी बाँड्स, ७६२ होमरन, ७ वेळा एम.व्ही.पी. (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू), स्टेरॉइड्सच्या आरोपांमुळे २०२२ ला दहाव्या वर्षी ६६ टक्क्यांवर संपला, रॉजर क्लेमेन्स ७ साय यंग (सर्वोत्तम बॉलरचं बक्षीस) घेऊन ६५.२ वर. पीट रोझ, ४२५६ हिट्स, मॅनेजर असताना स्वतःच्या टीमच्या मॅचवर बेटिंग केली म्हणून १९८९ ला बंदी, २०२४ ला वारला आणि बंदी उठली २०२५ ला. आणि काळ्या खेळाडूंविरुद्ध उतरायला नकार देणारा कॅप अँसन १९३९ पासून आत बसलाय. खानावळीतही तोच घोळ आहे. पैसे घेऊन फायनल सोडली असं सिद्ध झालेल्या एकाला एकही मत मिळालं नाही, ते योग्यच, तिथे माझं काही म्हणणं नाही. पण एक यॉर्करवाला आहे, ज्याच्याएवढा शेवटच्या ओव्हरचा बॉलर मी या जिल्ह्यात बघितला नाही, त्याला चार जण दरवर्षी लिहून नाकारतात की तो पितो. पितो तर पितो! मॅचला कधी पिऊन आला नाही, अंपायरला कधी उलट बोलला नाही, टीम हरली तर रडायचा. चारित्र्य बघायचंच असेल तर पिचवरचं बघा ना. नऊ लागतात आणि त्याला आठ पडतात, वर्षानुवर्षं. काकांना मी हे सांगितलं, ते म्हणाले चिठ्ठ्या उघड्या आहेत, त्या चौघांशी जाऊन भांड. त्यातल्या एकाशी मी भांडलोय, त्याच बाकड्यावर, समोर ताट गार होईपर्यंत, आणि त्याने निदान ऐकून तरी घेतलं. यादीत अजून यॉर्करवाल्याची तीन वर्षं शिल्लक आहेत. त्याच्याविरुद्ध जे कोणी खेळले असतील, कुडाळ-सावंतवाडीकडचे पण, त्यांनी कृपया जानेवारीच्या आत खानावळीत जाऊन काय आठवतं ते सांगा, बाहेरच्यांचं म्हणणं तिथे नोंदवून घेतात आणि मतदारांना वाचून दाखवतात.

स्टार म्हणाल तर जेवणाला चार, भिंतीला पाच. दुपारी साडेबाराच्या आत पोचा, तिखलं लवकर संपतं. मोबाईलला रेंज नाही त्यामुळे गुगल पे चालत नाही, रोख ठेवा. सोमवारी बंद. मोजणीच्या रविवारी जेवण फक्त शाकाहारी असतं, कारण त्या दिवशी काका स्वतः चुलीपाशी नसतात, मतं मोजत असतात.