सीओपीडी असलेल्या आईसाठी घेतलेला पावले मोजणारा पट्टा: पाच महिन्यांचा अनुभव

माझ्या आईला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. तिने आयुष्यात कधी विडी ओढली नाही. परंतु माहेरी आणि सासरी मिळून कितीतरी वर्षे तिने लाकडाच्या चुलीवर स्वयंपाक केला, आणि त्या धुरानेच फुप्फुसांची ही अवस्था झाली असे छातीच्या डॉक्टरांचे मत आहे. दम लागतो म्हणून माणूस चालणे टाळतो, चालणे सुटले की पायांतली ताकद जाते, आणि ताकद गेली की चार पायऱ्यांनीही धाप लागू लागते. आई या फेऱ्यात पुरती अडकली होती. डॉक्टरांनी श्वासातून औषध घ्यायच्या पंपाइतकेच चालणेही आवश्यक असल्याचे बजावले, तेव्हा गेल्या दिवाळीत मी तिच्यासाठी साडेतीन हजार रुपयांचा मनगटी पट्टा घेतला. कंपनीचे नाव मी येथे देत नाही.

पहिला महिना वाईट गेला. पट्ट्यात रोजचे लक्ष्य १०,००० पावलांचे होते. हा आकडा काही फुप्फुसाच्या रुग्णांसाठी ठरवलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र 'मानपोकेई' म्हणजे 'दहा हजार पावले मोजणारे' या नावाने विकायला आले आणि तेथून तो रूढ झाला. रोज संध्याकाळी 'लक्ष्य अपूर्ण' अशी सूचना यायची आणि आई पट्टा काढून देव्हाऱ्याशेजारी ठेवून द्यायची. शेवटी मी ते लक्ष्य बदलले. एक आठवडा तिला नेहमीसारखेच वावरू दिले, तेव्हा सरासरी १,४०० पावले भरली. मग १,६०० चे लक्ष्य ठेवले आणि दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे वाढवले. सीओपीडीच्या रुग्णाची रोजची चाल ६०० ते १,१०० पावलांनी वाढली तरी ती अर्थपूर्ण सुधारणा समजली जाते. आज आई २,३०० पर्यंत पोहोचली आहे आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराचा जिना एकदाच थांबून चढते.

पट्ट्याचा सर्वांत मोठा दोष मला योगायोगाने कळला. आई वॉकर धरून चालते. एके दिवशी गॅलरीत मी तिच्या मागून मोठ्याने मोजत चालले. बरोबर शंभर पावले झाली आणि पट्ट्यावर भर पडली फक्त ३१ ची. हाताचे हेलकावे ओळखून हे यंत्र पावले मोजते, आणि वॉकरच्या दांडीवर टेकलेला हात हलतच नाही. तोच पट्टा पायमोज्यावर, घोट्याशी बांधला तेव्हा ९४ पावले मोजली गेली. तेव्हापासून चालताना तो घोट्यालाच असतो. विक्रेत्याने हे आधी सांगायला हवे होते. मदत क्रमांकावर तीन वेळा फोन केला, तरी तेथील माणसाला वॉकर म्हणजे काय हेच उमगले नाही, याचा मला आजही राग आहे.

पट्टा रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाणही दाखवतो, पण त्या आकड्यावर मात्र अजिबात विसंबू नये. एका थंड सकाळी पट्ट्याने ८४ टक्के दाखवले आणि माझे हातपाय गळाले. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर तोच आकडा ९३ होता. हात गार असला किंवा हलला तरी मनगटावरचे मोजमाप बिघडते. हृदयाच्या ठोक्यांचेही तसेच: श्वासनलिका मोकळ्या करणारे साल्बुटामॉल हे औषध नेब्युलायझरने, म्हणजे यंत्रातून तुषाररूपात, घेतल्यावर ठोके वाढतात, आणि बसल्या जागी आईने व्यायाम केल्याची नोंद होते. चालताना किती जोर लावायचा हे ती दम किती लागतो यावरूनच ठरवते. शून्य ते दहामध्ये तीन-चारपर्यंत दम चालेल, असे तिला डॉक्टरांनी शिकवले आहे. त्यापुढे गेले की ती बाकावर बसते आणि ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडते.

तरीही पट्टा घेतल्याचे समाधान मला संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मिळाले. तीन दिवस ओळीने पावले उतरली: १,९००, १,२००, ७००. आई काही बोलली नव्हती, कारण आपल्यामुळे कुणाला त्रास नको हा तिचा स्वभावच आहे. आकडे दाखवून विचारले तेव्हा तिने कबूल केले की कफ वाढला आहे आणि त्याचा रंगही बदलला आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले, औषध सुरू झाले आणि रुग्णालयात भरती करावे लागले नाही. आदल्या वर्षी अशाच दुखण्यात आम्ही आठवडाभर उशीर केला होता आणि ती नऊ दिवस तेथे होती.

आता ऊन तापू लागल्यापासून आम्ही रिक्षाने सकाळी लवकर कामाटीबागेत जातो आणि सावलीच्या बाजूने फुलांच्या घड्याळापर्यंत चालतो. सोबतच्या रबरी पट्टीने घामात पुरळ उठते, म्हणून मांडवीतून कापडी पट्टी आणून बसवली आहे. चार्जिंग चार दिवस पुरते.