मिररलेसकडे जाताना: आधी लेन्स ठरवा, मग बॉडी

आरसा असलेला डीएसएलआर कॅमेरा सोडून बिनआरशाचा मिररलेस घेणारे बहुतेक जण महिनोन्‌महिने बॉडीचा, म्हणजे लेन्सविना कॅमेऱ्याचा, अभ्यास करतात आणि लेन्स मात्र सोबत मिळेल ती घेतात. माझ्या मते हे उलट व्हायला हवं. तरी बॉडीचं आधी उरकून घेऊ.

डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो. त्याचं फोटो टिपणाऱ्या मुख्य सेन्सरशी किंचित जरी बिनसलं, तरी डोळ्यावर धरलेला फोकस कानावर जातो. मिररलेस मुख्य सेन्सरवरच फोकस ठरवते, त्यामुळे ही डोकेदुखी संपते. एक्स्पोजर कसं येणार, म्हणजे फोटो किती उजळ दिसणार, तेही शटर दाबण्याआधीच डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. हा व्ह्यूफाइंडर म्हणजे छोटी स्क्रीनच, ती सतत वीज खाते, म्हणून बॅटरीत डीएसएलआर कितीतरी पुढे आहे: निकॉन डी७५०चं प्रमाणित रेटिंग एका चार्जला १२३० फोटो, तर मिररलेस झेड६चं ३१०. प्रत्यक्षात झेड६ याहून बरेच जास्त फोटो देते, पण दुसरी बॅटरी लागतेच.

जुन्या लेन्सचं काय? कॅननच्या डीएसएलआरसाठीच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सवर फोकस हातानेच करावा लागतो. अशा दोन-तीन लेन्स जवळ असतील तर त्या बदलण्याचा खर्च आधीच हिशोबात धरा.

आता खरा प्रश्न. फुल फ्रेमवर, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर, सगळीकडे चालेल अशी एकच झूम घ्यायची, तर पर्याय तीन. उदाहरणादाखल निकॉनच्या झेड लेन्स घेतो. इतर कंपन्यांकडेही याच धाटणीच्या मिळतात. नावातले पहिले आकडे म्हणजे मिमीतली फोकल लेंथ: जितकी जास्त, तितकं दूरचं जवळ दिसतं. एफ/चा आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा: जितका लहान, तितका प्रकाश जास्त.

२४-७० एफ/२.८ अंधाऱ्या सभागृहात सरस ठरते. आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ती वाढवली की फोटो दाणेदार होतो. या लेन्सवर आयएसओ १६००ला जमणारा फोटो एफ/६.३वर त्याच शटर स्पीडला काढायचा, तर आयएसओ ८००० लागतो. स्थिरीकरण इथे मदतीला येत नाही. ते हाताचा कंप सावरतं, नाचणारं मूल नाही. पण पहिली आवृत्ती ८०५ ग्रॅमची आहे, आणि ७० मिमीला दूरचा चेहरा दूरच राहतो.

२४-२०० एफ/४-६.३ फक्त ५७० ग्रॅमची. दिवसाउजेडी भटकणाऱ्याला हिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. लेन्स बदलावीच लागत नाही, आणि मिररलेसमध्ये ही सोय मोठी आहे, कारण आरसा नसल्याने लेन्स काढली की बहुतेक बॉडींचा सेन्सर उघडाच पडतो आणि त्यावर धूळ बसते. अडचण एवढीच, की शंभर मिमी गाठण्याआधीच अ‍ॅपर्चर एफ/६.३वर येतं. संध्याकाळ झाली की हात बांधले जातात.

२४-१२० एफ/४ ही माझी निवड. वजन ६३० ग्रॅम, पूर्ण झूमभर एफ/४ कायम, आणि १२० मिमीला व्यक्तिचित्रामागची पार्श्वभूमी छान विरघळते. २०० मिमीची चौकट हवीच असेल तर क्रॉप करता येतं, पण २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम साडेआठ उरतात. स्क्रीनवर पाहायला पुरतात. मोठी प्रिंट काढायची असेल तर नाही. पक्ष्यांसाठी यातली एकही लेन्स घेऊ नका. त्यांना २०० मिमीसुद्धा तोकडे पडतात.

तरीही माझी निवड डोळे झाकून उचलू नका. गेल्या वर्षभरातले आवडते दोनशे फोटो निवडा आणि प्रत्येकाची फोकल लेंथ पाहा. जुना कॅमेरा निकॉनचा एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरचा, असेल तर आकड्याला दीडने गुणा. तिथले ८० म्हणजे फुल फ्रेमवरचे १२०. बहुतेक फोटो ७०च्या आत आणि घरातले असतील, तर एफ/२.८. उन्हातले आणि १२०च्या पुढचे असतील, तर २४-२००. आकडे सगळीकडे विखुरलेले असतील, तर २४-१२०. बॉडीसाठी उरतील तेवढ्या पैशांत आधीच्या पिढीची मिररलेस बसली, तरी मी बेलाशक तीच घेईन.