हातात धान्य की खात्यात पैसे?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली आला आणि रेशनचं धान्य ही सरकारची मेहेरबानी न राहता हक्क झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून तेही मोफत.

त्याच वर्षी महाराष्ट्राने १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या, या कायद्यात न बसणाऱ्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना स्वस्त धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात द्यायचं ठरवलं. पाच किलोचा हिशेब लावला तर किलोमागे ३० रुपये. दुकानदाराचा भाव वाढला की पिशवी तेवढी हलकी होते. धान्याचं तसं नाही. बाजार कुठेही जावो, ५ किलो म्हणजे ५ किलोच.

पैशांचा फायदा मी नाकारत नाही. डाळ, तेल, ज्वारी, हवं ते घेता येतं, आणि खडे निघालेला तांदूळ मुकाट घ्यावा लागत नाही. रेशन दुकानातले हाल मी पाहिलेत. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेली आजी मशीनवर चार-चारदा अंगठा दाबते, मशीन ओळखत नाही, आणि ती रिकामी पिशवी घडी घालून परत निघते. पण बँकेतले पैसे काढतानाही बऱ्याचदा तिच्यापुढे तोच अंगठा आणि तसंच मशीन असतं, शिवाय गावापासून लांब.

शिवाय खात्यातला पैसा आधी औषधाला, मग उधारीला जातो. डब्यातलं पीठ सहसा पोटातच जातं. म्हणून माझं मत धान्याला, सोबत डाळ-तेलही मिळावं या मागणीसह.