पन्हाळा की गगनबावडा? घाटाची ग्रुप राइड ठरवताना

कोल्हापुरातून सायकलनं चढाची राइड काढायची म्हटली की पहिल्यांदा दोनच नावं निघतात: पन्हाळा-जोतिबा, नाहीतर गगनबावडा. एकट्यानं जायला दोन्ही उत्तम. पण पंधरा-वीस जणांना घेऊन निघायचं असेल, आणि त्यातले बहुतेक सपाटीवर पन्नास किलोमीटर सहज मारणारे पण घाटाला नवखे असतील, तर गोष्ट वेगळी. माझ्या मते चढ किती अवघड आहे हा प्रश्न नंतरचा. सगळ्यात मागचा रायडर दमला तर तो तेव्हा घरापासून किती लांब असेल, हे आधी बघा.

पन्हाळा शहरापासून जेमतेम २० किलोमीटर. शिवाजी पूल ओलांडून केर्ली मागं पडली की रस्ता अंगावर यायला लागतो. वाघबीळला रत्नागिरीचा रस्ता सोडला की गडाचा घाट सुरू. भोवतालच्या सपाटीपासून गड सुमारे ४०० मीटर उंच आहे आणि ही उंची थोड्या अंतरात गाठायची असल्यामुळे ग्रुप हमखास फुटतो. फुटू द्या. कमी ताकदीच्या माणसाला पुढच्याच्या चाकाला चिकटून घाट चढायला लावलं तर तो अर्ध्यातच संपतो. सगळ्यांनी वाघबीळला एकदा थांबायचं, मग ज्यानं त्यानं आपापल्या दमानं वर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी पोचायचं. ज्याचे पाय भरून आले त्यानं सायकल वळवावी, उतारानं तो केर्लीत येतो. चेन तुटली तरी शहरातून कुणी अर्ध्या-पाऊण तासात गाडी घेऊन येतं. नवख्या ग्रुपला हा आधार फार मोठा असतो.

शिवाय एकाच राइडमध्ये दोन पल्ले बसतात. ज्यांच्या पायात जोर उरलाय ते वाघबीळहून दानेवाडी, गिरोलीमार्गे जोतिबावर जाऊन केर्लीत उतरू शकतात, बाकीचे आल्या वाटेनं परत.

अडचण गर्दीची. रविवार हा जोतिबाचा वार, पन्हाळ्यावर पर्यटकांच्या गाड्या वेगळ्याच. जुलै २०२५ मध्ये गड युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, म्हणजे लांबून येणारेही आले. माघातल्या रविवारी खेटे घालणारे भाविक पहाटेपासून पायी जोतिबाला निघतात. त्या दिवशी या बाजूला ग्रुप नेऊच नये. चैत्र यात्रेतही नाही. एरवी उजाडता उजाडता शिवाजी पूल सोडायचा आणि नऊच्या आत गड उतरायला लागायचं.

गगनबावडा म्हणजे एका बाजूनं ५५ किलोमीटर, जाऊन-येऊन ११०. फुलेवाडी, कळे, मांडुकली, असळज असा रस्ता. पन्हाळ्यासारखा सलग चढ इथं बराच वेळ लागत नाही. चढ-उतार चालू राहतात, ग्रुप एकत्र राहतो, ओळीत चालवायची सवयही लागते. निसर्गात तर पन्हाळ्यापेक्षा हा रस्ता मला कितीतरी आवडतो. पण फसगत इथंच होते. जाताना सगळे ताजे असतात, गप्पा चालू असतात आणि वेग नकळत वाढतो. परतीला ऊन डोक्यावर येतं, बाटल्या रिकाम्या होतात आणि कळ्याच्या अलीकडं-पलीकडं कुणीतरी गळतो. घर अजून वीसेक किलोमीटर लांब असतं. म्हणून इथं सोबत गाडी हवीच, आणि दर तासाला थोडं खायचं हा नियम सगळ्यांना आधी सांगायला हवा.

गावात पोचल्यावर समोर करूळ घाट दिसतो आणि ‘थोडं खाली जाऊन येऊ’ असं कुणीतरी म्हणतंच. मध्यम तयारीच्या ग्रुपला तिथं ठाम नाही म्हणा. जेवढा घाट उतराल तेवढा पुन्हा चढायचाय, आणि त्यानंतरही ५५ किलोमीटर बाकी आहेत.

ऊस तोडणीच्या हंगामात या रस्त्यावर दोन-दोन ट्रेलरचे ट्रॅक्टर असतात. त्यांच्यातून पडलेला ऊस डांबरावर आडवा असतो. पुढचं चाक त्यावर तिरकं गेलं तर सायकल क्षणात घसरते, आणि ओळीत मागं असलेल्याला तो दिसतच नाही. पुढच्यानं हात खाली करून ‘ऊस!’ म्हणून ओरडायचंच. ट्रॅक्टर ओलांडतानाही एकेकानं, समोरचा रस्ता स्वतः बघून जायचं.

पावसाळ्यात दोन्हीकडं अडचण. रेडेडोह फुटला, म्हणजे पुराचं पाणी तिथून रस्त्यावर आलं, की पन्हाळ्याचा रस्ता बंद, मांडुकलीला पाणी आलं की गगनबावड्याचा. त्यात गगनबावड्याला जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर.

आंबा घाटाचं नावही कुणीतरी काढेल. मोठ्या ग्रुपसाठी मी तो सुचवणार नाही: अंतर जास्त आणि रत्नागिरीच्या महामार्गावर ट्रकची वर्दळ सतत.

कुठंही जा, उताराची काळजी चढापेक्षा जास्त घ्या. निघण्याआधी प्रत्येकाचे ब्रेक दाबून बघा, रबर झिजलेलं असेल तर त्याला घाटात नेऊ नका. उतरताना दोन सायकलींमध्ये सात-आठ सायकलींचं अंतर हवं, ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. मागं सर्वात अनुभवी माणूस ठेवा. ट्यूब, पंप आणि चेन जोडायचं साहित्य त्याच्याकडंच असू द्या.

पहिलीच घाटाची राइड असेल तर पन्हाळा घ्या, शक्यतो शनिवारी. तीच मंडळी पन्हाळा-जोतिबाचा पूर्ण फेरा दोन-तीनदा न थकता करू लागली, की सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, साखर कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत, गगनबावडा ठरवा.