‘गो रिन नो शो’ : तलवारबाजाचा ग्रंथ, उद्योजकाच्या टेबलावर

जपानी तलवारबाज मियामोतो मुसाशी यांनी 1643 मध्ये जपानमधील कुमामोतोजवळच्या रेइगांदो गुहेत लिहायला घेतलेला आणि 1645 मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, पूर्ण केलेला हा ग्रंथ मी इंग्रजी अनुवादातून सलग दोनदा वाचला. भूमी, जल, अग्नी, वायू आणि शून्य अशी त्याची पाच प्रकरणे आहेत.

व्यवसाय करणाऱ्याने सर्वाधिक वेळ द्यावा तो भूमी प्रकरणाला. तेथे मुसाशी सेनापतीची तुलना मुख्य सुताराशी करतात: सरळ, बिनगाठीचे, देखणे लाकूड दर्शनी खांबांना, किंचित दोष असलेले आतल्या खांबांना, आणि कमजोर, वेडेवाकडे लाकूडसुद्धा आधी परांचीला व नंतर जळणाला. माणसांची पारख करून त्यांना काम नेमून देण्याविषयी इतके नेमके विवेचन मला व्यवस्थापनाच्या पुस्तकांत क्वचितच आढळले. व्यापाऱ्याच्या भरभराटीला आणि उताराला स्वतःची लय असते, हे निरीक्षणही याच प्रकरणातले, आणि मंदीचे वर्ष सोसलेल्या कोणालाही ते मनापासून पटेल.

जल प्रकरणातील तलवारीच्या पवित्र्यांचे तपशील मात्र प्रत्यक्ष सरावाशिवाय फारसे उलगडत नाहीत. ‘निरुपयोगी काही करू नये’ हा त्यांचा नियम मानणाऱ्या वाचकाने ते भरभर वाचले तरी चालेल. शून्य प्रकरण जेमतेम एक-दोन पानांचे आहे, पण ते सावकाश वाचावे. माझ्या प्रतीत जपानी संज्ञांच्या टिपा अगदी अपुऱ्या असल्याने, विस्तृत टिपांची आवृत्ती पाहूनच खरेदी करावी.